इंटरव्ह्यूत तोंडाला कुलूप लागते, काय करावे?

डवरणीवाला (धागाकर्ता)
शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिलाच धागा. लांबला तर सांभाळून घ्या.

गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. कॉम्प्युटरचं बी.ई. अमरावती विद्यापीठाखालच्या कॉलेजातून. मग पुण्यात एका लहान कंपनीत अडीच वर्षं जावा (प्रोग्रामिंगची भाषा) बॅकएंड, म्हणजे अॅपच्या मागं चालणारा कोड. मागच्या वर्षी बाबांची बायपास झाली. भाऊ नाही, बहिणीचं लग्न झालेलं, म्हणून राजीनामा देऊन गावी आलो. सात एकर, पऱ्हाटी आणि तूर. आता बाबा हिंडूफिरू लागलेत, बांधावर उभं राहून माझ्या चुका काढण्याइतके ठणठणीत झालेत. तेव्हा सहा महिन्यांपासून मी पुन्हा नोकरी शोधतोय. साठेक अर्ज केले, चार फोन आले, एका ठिकाणी तिसऱ्या राउंडपर्यंत पोचलो आणि तिथं आपटलो. कसा आपटलो ते आधी सांगतो.

पहिला राउंड ऑनलाइन टेस्ट. दीड तास, दोन कोडिंगचे प्रश्न, वीस पर्यायवाले. लॅपटॉपचा कॅमेरा चालू ठेवायचा, कोपऱ्यात आपलंच तोंड दिसत राहतं. अर्ध्या तासानं आजी कपबशी घेऊन मागून आली. "कोणासंग बोलून राह्यला बे?" स्क्रीनवर लगेच पिवळी पट्टी: एकापेक्षा जास्त चेहरे दिसले, पहिली ताकीद. मी हातानं जा जा केलं तर ती आणखी जवळ येऊन स्क्रीनमध्ये डोकावली. दुसरी ताकीद. तिसरीला पेपर आपोआप बंद होतो असं सूचनांत लिहिलं होतं. चहा तसाच थंड झाला, पण पास झालो.

दुसरा राउंड व्हिडिओवर, समोर बंगळूरच्या एक मॅडम. प्रश्न असा की एक शब्द दिलाय, त्यातला असा सर्वांत लांब सलग तुकडा शोधा ज्यात एकही अक्षर पुन्हा येत नाही. हा मी आधी सोडवलेला होता. दोन बोटं ठेवायची, उजवं पुढं सरकवत न्यायचं, अक्षर पुन्हा भेटलं की डावं त्याच्या जुन्या जागेच्या पुढं आणून ठेवायचं. डोक्यात सगळं स्वच्छ. मी वही घेतली आणि काढत बसलो. वाटलं दोन-तीन मिनिटं झाली असतील. मॅडमनी इंग्रजीत विचारलं, "तुमचा आवाज येतोय ना?" घड्याळ पाहिलं तर नऊ मिनिटं झालेली. मग कोड लिहिला, चालला. त्यांनी 'ए-बी-बी-ए' देऊन पाहा म्हटलं, तिथं उत्तर दोनच्या ऐवजी तीन आलं. शेवटच्या 'ए'ला माझं डावं बोट मागं सरकत होतं. एका ओळीचा बदल, तो केला. काठावर पास.

तिसरा राउंड सिस्टम डिझाइन. सिनेमाच्या तिकीट बुकिंगची रचना करा. मी पुन्हा वहीत चौकोन काढत बसलो. त्यात लाइट गेली, वायफाय गेलं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर परत येईपर्यंत पाच मिनिटं गेली, आणि परत आल्यावरही मी चौकोनच काढत होतो. चार दिवसांनी रिक्रूटर पोरीनं फोन केला (नाहीतर नुसता मेल येतो, तिनं निदान फोन केला). म्हणाली, तांत्रिक बाजू ठीक आहे सर, पण उमेदवार काय विचार करतोय ते कळत नाही असं लिहून आलंय.

तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. आमच्या शाळेत मास्तरांनी प्रश्न विचारला आणि चुकीचं बोललं की छडी. गप्प राहिलं तर फक्त "खाली बस". बारा वर्षं तेच शिकलो. घरीही मोठ्या माणसापुढं पुरतं उत्तर तयार झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आता समोर साहेब बसला की आपोआप कुलूप लागतं.

बारा दिवसांनी दुसऱ्या एका कंपनीचा डिझाइन राउंड आहे, कोडिंगचा पार पडलाय. हे कुलूप कसं काढायचं? आणि नोकरीतल्या गॅपबद्दल विचारलं तर काय सांगायचं? शिवाय नागपूरच्या एका कन्सल्टन्सीचा फोन येतोय, ते म्हणतात आमच्याकडून थेट लागून जाईल. अनुभवी लोकांनी लिहा.


तर्री_जास्त
शनिवार, रात्री ११:०५

आजीच्या दुसऱ्या ताकिदीला जोरात हसलो, बायको उठून विचारते काय झालं. +१, वाचतोय. मी मेकॅनिकलचा, आपला पास.


एकदा_फसलेला
शनिवार, रात्री ११:३०

कन्सल्टन्सीचं आधी सांगतो, कारण ते सर्वांत घाईचं आहे. पैसे मागितले का? नसतील तर मागतील. मला 'रिफंडेबल डिपॉझिट' म्हणून पंचवीस हजार मागितले होते. घरी तूर विकून आलेले पैसे होते, दिले. ऑफर लेटर आलं, लोगो हुबेहूब, सही हुबेहूब. जॉइनिंगच्या दिवशी नागपूरला मिहानमध्ये त्या गेटवर गेलो तर सिक्युरिटीवाल्यानं कागद हातात घेतला आणि न वाचताच परत दिला. म्हणे, या आठवड्यातले तुम्ही तिसरे.

नोकरी देणारा माणूस नोकरी मागणाऱ्याकडून पैसे घेत नाही, ना डिपॉझिट, ना ट्रेनिंग फी, ना लॅपटॉपचं कुरिअर. कोणाचे गेलेच असतील तर १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) ताबडतोब फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येतं. मी आठ दिवस लाजेपोटी कोणाला सांगितलंच नाही. तेच चुकलं.


डवरणीवाला
शनिवार, रात्री ११:४२

अठरा हजार मागितलेत. आजच. नंबर ब्लॉक केला दादा. _/\_


पुसदकर_पुण्यात
रविवार, सकाळी ८:१५

मी पुसदचा, सोळा वर्षांपासून पुण्यात. आठवड्याला तीन-चार मुलाखती घेतो. फार आवडीचं काम नाही, पण टेबलाच्या या बाजूनं काय दिसतं ते सांगतो.

मुलाखत संपली की आम्हाला फॉर्म भरायचा असतो. प्रश्न नीट समजून घेतला का, पर्याय मांडले का, कोड कसा आहे, स्वतःची चूक स्वतः सापडली का, असे रकाने. प्रत्येक रकान्यात उमेदवार काय बोलला, काय केलं ते लिहावं लागतं. तू नऊ मिनिटं गप्प बसलास तर मी काय लिहू? मला मनातून वाटलं की पोरगा हुशार आहे, तरी दुसऱ्या दिवशी बैठकीत बाकीचे विचारतात, कशावरून? माझ्याकडे दाखवायला काही नसतं. तू नापास झालास तो या कोऱ्या रकान्यापायी.

त्या अक्षरांच्या प्रश्नात काय बोलायचं होतं ते बघ. "आधी धोपटमार्ग सांगतो. सगळे तुकडे काढून तपासता येतील. शब्द एक लाख अक्षरांचा असेल तर तुकडेच पाचशे कोटी होतात, परवडणार नाही. आता एका तुकड्यातून पुढच्यात जाताना आधीचं काम वाया जाऊ न देता जमतं का बघतो." झालं. एवढं बोलायला पाऊण मिनिट लागतं आणि माझे दोन रकाने भरतात. मग दोन बोटांचं सांग. दोन्ही मिळून फार तर दोन लाख वेळा सरकतील, हेही सांग. मग वाटल्यास म्हण, "दोन मिनिटं वहीत काढून बघतो." सांगून गप्प बसणं वेगळं असतं, त्याला कोणी नाव ठेवत नाही.

ए-बी-बी-ए ची चूक मनाला लावून घेऊ नकोस. दहा लाख सातबारे क्रमानं लावलेले असले तर अर्धे-अर्धे करत वीस वेळा उघडून हवा तो सापडतो, हे बायनरी सर्च पहिल्या वर्षाला शिकवतात. त्यात मधला क्रमांक काढताना खालचा अधिक वरचा भागिले दोन असं लिहिलं आणि ती बेरीज २१४ कोटींच्या वर गेली की इंट (जावातला पूर्णांक) उलटून ऋण होतो. ही चूक जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत वर्षानुवर्षं होती, २००६ साली तिची जाहीर वाच्यता झाली. तिथं बसलेल्यांना दिसली नाही, तुला कॅमेऱ्यासमोर नाही दिसली. मात्र कोड झाला की मी म्हणायच्या आधी तूच दोन लहान उदाहरणं हातानं चालवून दाखव. एक साधं, एक वाकडं. रिकामा शब्दही दे.

(अवांतर: जावा लिहिलंयस म्हणजे हॅशमॅप, किल्लीवरून नोंद चटकन शोधायची रचना, विचारणारच. सुरुवातीला १६ खण, पाऊण भरले की दुप्पट. जावा ८ पासून एका खणात आठाच्या वर नोंदी साचल्या आणि एकूण खण किमान ६४ असले तर त्या यादीचं झाड होतं. नुसतं पाठ करू नकोस, झाड कशासाठी ते सांगता आलं पाहिजे.)

आता डिझाइन. यात बरोबर उत्तर असं नसतंच. पहिली आठ-दहा मिनिटं तू मला प्रश्न विचारायचे असतात. किती लोक वापरणार, एकाच वेळी किती, काय चुकलं तर चालेल आणि काय चुकून चालणार नाही. जो पोरगा काही न विचारता चौकोन काढायला घेतो, तो कामावरही न विचारता तीन आठवडे भलतंच बांधत बसेल, असं आम्ही धरतो.

तू तर कापूसवाला आहेस. जिनिंगच्या गेटवर ट्रॅक्टरची रांग असते, वजनकाटा एक, ग्रेडर एक. गाड्या वाढल्या म्हणून काटा वाढत नाही. मग ते काय करतात? टोकन देतात, रांग आवाराबाहेर लावतात, फारच झालं तर उद्या या म्हणतात. मेसेज क्यू, रेट लिमिट, बॅकप्रेशर, तीनही तू लहानपणापासून ट्रॉलीवर बसून पाहिलेत. इंग्रजी नावं फक्त चिकटवायची आहेत.

आणि एक, तू विचारलं नाहीस तरी. शेजारी चॅटबॉट उघडून उत्तर वाचू नकोस. डोळे एका ओळीत डावीकडून उजवीकडे जायला लागले की कळतं. मग आम्ही फक्त अट बदलतो: एका अक्षराची एक पुनरावृत्ती चालेल, आता काय बदलेल? वाचणारा तिथंच अडकतो.


खवट_म्हातारा
रविवार, सकाळी ९:५०

एवढी उठाठेव कशासाठी? पाच-पाच राउंड, पाव्हणे पाहायला आल्यासारखे. आमच्या वेळी एक अर्ज, एक मुलाखत, तीस वर्षं नोकरी. आणि कोड आता मशीनच लिहिणार म्हणतात. सात एकर आहे ना, ओलिताची सोय कर.


डवरणीवाला
रविवार, सकाळी १०:२०

काका, विहीर आहे. शेतीच्या लाइनीला दिवसातून आठ तास थ्री फेज, तीही आठवडा दिवसाची, आठवडा रात्रीची. रात्रीच्या आठवड्यात पाणी द्यायला मीच जातो. रानडुकरांची जागलही मीच करतो. सगळं करूनच हा धागा काढलाय. :)


खवट_म्हातारा
रविवार, सकाळी १०:३१

मग राहू दे. लाग नोकरीला.


हिंगणघाटची_लेक
रविवार, दुपारी २:१०

पुसदकर दादांचं सगळं बरोबर, पण बोल म्हटल्यानं बोलता येत नाही. पोहायला शीक म्हणून काठावरून ओरडण्यासारखं आहे ते.

माझं सांगते. माझंही कुलूप होतं, आणि मुलगी म्हणून वरून दुसरं. घरात हळू बोल, हसताना आवाज नको. पहिल्या दोन मुलाखतींत माझा आवाजच पोचत नव्हता, समोरचा सारखा माइक तपासायला सांगायचा. मी तीन आठवडे रोज एक प्रश्न मोठ्यानं सोडवला. मोबाइलवर रेकॉर्ड करायचा आणि ऐकायचा. ऐकणं ही शिक्षाच आहे, पण तेव्हाच कळतं की मी "अं" म्हणून वीस सेकंद थांबते. पहिला आठवडा सगळं मराठीत. दुसऱ्यात मराठी वाक्यं, शब्द इंग्रजी. तिसऱ्यात इंग्रजी, पण तोकडी वाक्यं. "फर्स्ट आय विल सॉर्ट. देन आय विल काउंट." एवढ्याच इंग्रजीवर नोकरी मिळाली. रेकॉर्डिंगपेक्षा समोर जिवंत माणूस असेल तर उत्तम, आणि त्याला कॉम्प्युटरमधलं काहीच कळत नसेल तर फारच उत्तम. तो मान डोलवत नाही, "म्हंजे?" विचारतो.

आता एचआरचं. एका ठिकाणी मला विचारलं, लग्नाचं काय प्लॅनिंग? त्याच रविवारी घरी पाहायला येणार होते, बाबांना सांगून मी तो कार्यक्रम पुढं ढकलायला लावला होता. राग आला, पण म्हटलं, "या कामासाठी मी किती काळ आहे असा प्रश्न असेल तर, किमान तीन वर्षांचा विचार करून अर्ज केलाय." त्यांनी पुढं विचारलं नाही. तिथं ऑफरही आली, मी गेले नाही. ज्यांना मुलाखतीतच हे सुचतं त्यांना बाळंतपणाच्या रजेला काय काय सुचेल!

गॅपचं दोन वाक्यांत उरक. वडिलांचं ऑपरेशन होतं, घरी मी एकटाच होतो, आता ते बरे आहेत. तिसरं वाक्य त्या काळात काय शिकलास त्याचं, आणि ते खरं असलं तरच. रडगाणं नको, माफीही नको.


इंग्रजी_मीडियम
रविवार, दुपारी ३:००

तोकड्या इंग्रजीवर पहिली नोकरी मिळेलही, पुढं क्लायंट कॉलवर काय करणार? स्पष्टच सांगतो, आधी इंग्रजी सुधारा.


हिंगणघाटची_लेक
रविवार, दुपारी ३:२५

पाच वर्षं क्लायंट कॉलच घेतेय दादा. समोरचा जर्मन आहे, त्याचंही इंग्रजी माझ्यासारखंच तोकडं. फार छान जमतं आमचं.


तर्री_जास्त
रविवार, दुपारी ३:३०

=)) =))


जुना_रेल्वेवाला
रविवार, सायंकाळी ६:४५

दारव्ह्याचं नाव वाचून राहवलं नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला दारव्ह्यावरूनच जायची. नॅरोगेज, डब्याबरोबर पळत जाऊन चढता यायचं. आता रूळ गवतात गेले. धाग्याचा विषय नाही, क्षमस्व. पोराला शुभेच्छा.


डवरणीवाला
साधारण पंधरा दिवसांनंतर, शुक्रवार, रात्री ९:२०

राउंड झाला. सविस्तर लिहितो, कारण हे तुमचंच देणं आहे.

लेकताईंचा 'ज्याला काहीच कळत नाही असा माणूस' मी घरातच शोधला. आजी. दुपारी ओसरीवर ती कापसातली कवडी निवडत बसते, मी समोर खाट टाकून बसायचो. पहिल्या दिवशी तिला तिकीट बुकिंग सांगितलं, ती म्हणे सिनेमा मले कायले सांगतं. मग विषय बदलला. यंदा सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळ) कापूस द्यायचा तर कपास किसान अॅपवर नोंदणी आणि स्लॉट घ्यावा लागतो, आमचा मीच घेतलेला. म्हटलं आजी, समज हे अॅप मी बनवतोय. शेतकरी मोबाइलवर दिवस निवडतो, त्याला नंबर मिळतो, त्या दिवशी तेवढ्याच गाड्या. ती कवडी बाजूला टाकत ऐकत होती. म्हणाली, "मंग दोघायनं एकाच टायमाले बोट दाबलं तं? नंबर कोणाचा?"

मी दोन मिनिटं बघतच राहिलो. याला पुस्तकात रेस कंडिशन म्हणतात. तिनं उभा जन्म राशनच्या रांगेत काढलाय, तिला ते न शिकवता माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "अन् नेट गेलं, त्याले कळलंच नाई नंबर लागला का नाई, त्यानं पुन्ना दाबलं. मंग त्याचे दोन नंबर?" असे दहा दिवस. तिला पटेपर्यंत बोलावं लागे. बाबा म्हणत, पोट्टं येडं झालं.

मुलाखतीला घर नको म्हणून दारव्ह्याला मित्राच्या महा ई-सेवा केंद्रातली मागची खोली मागितली. इन्व्हर्टर, फायबर, दार लागतं. एकच गोष्ट विसरलो की दाराला भोक आहे आणि पुढच्या खोलीत आधारचं काम चालतं. मी "गुड मॉर्निंग" म्हणेपर्यंत बाहेरून आवाज, "काकाजी, अंगठा नाई लागून राह्यला, पुसा, पुन्हा लावा." समोरचे सर हसले. मी माफी मागून कुठं बसलोय ते सांगितलं. ते म्हणाले, छान, मग आपण अशाच लोकांसाठी काही बनवू. सरकारी खरेदी केंद्रावर गाडी आणायची वेळ ठरवून देणारी सेवा.

राजेहो, खरं सांगतो, अंगावर काटा आला.

पहिली दहा मिनिटं मी विचारत राहिलो. केंद्रं किती, एका केंद्राची दिवसाची क्षमता किती गाड्या, स्लॉट उघडला की पहिल्या पाच मिनिटांत किती लोक तुटून पडतात, एका शेतकऱ्याला एका वेळी किती स्लॉट. सर म्हणाले आकडे तूच धर. मी धरले, मोठ्यानं गुणाकार केला, एकदा चुकला, "थांबा, इथं एक शून्य जास्त झालं" म्हणून सुधारला. पूर्वी असं झालं असतं तर मी मेलो असतो.

मग आजीचा पहिला प्रश्न मीच उपस्थित केला. उत्तर असं दिलं की केंद्र, तारीख आणि स्लॉट क्रमांक या तिघांवर मिळून डेटाबेसमध्येच युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे दोघांनी एकदम दाबलं तरी एकाचीच नोंद पडते, दुसऱ्याला पुढचा मोकळा क्रमांक दाखवायचा. अॅप्लिकेशनच्या कोडमध्ये "मोकळा आहे का" बघून मग लिहिणं पुरत नाही, बघणं आणि लिहिणं यांच्या मध्ये दुसरा घुसतो. दुसरा प्रश्न, नेट जाऊन पुन्हा दाबणं: प्रत्येक विनंतीला मोबाइलनंच एक आयडी द्यायचा, तोच आयडी परत आला की नवा नंबर न देता आधीचाच दाखवायचा. तेवढ्यात बाहेरून पुन्हा, "पुन्हा लावा काकाजी." मी म्हटलं, सर, हीच ती रिट्राय. ते पोट धरून हसले.

तरी अडकलो. ते म्हणाले, कापसात ओल जास्त निघाली आणि गाडी परत पाठवली तर स्लॉटचं काय? ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १२ पर्यंत कपात करून घेतात, वर गेलं की परत, हे मला तोंडपाठ. पण रचनेत काय करायचं ते सुचेना. मी म्हटलं, "याचं उत्तर आत्ता माझ्याकडं नाही. दोन पर्याय दिसतात, दोन्हीत एकेक दोष आहे," आणि दोष सांगितले. गप्प बसलो नाही एवढंच.

गॅपचं तीन वाक्यांत. तिसरं वाक्य जागलीचं सांगितलं.

आज मेल आला. झालं. नागपूरचं ऑफिस, आठवड्यात तीन दिवस हजेरी, बाकी घरून. सीटीसी, म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, ८ लाख ४० हजार. बाबांनी लगेच भागाकार केला, महिन्याला सत्तर हजार. सांगायला शेजारी गेलेत.


पुसदकर_पुण्यात
शुक्रवार, रात्री ९:४५

अभिनंदन!! ओलीच्या प्रश्नाला तू जे केलंस तेच पाहायचं असतं रे. आजींना दंडवत. आमच्या टीममध्ये टेस्टिंगला एक जागा आहे, विचारून बघ.


हिशेबनीस
शुक्रवार, रात्री १०:३०

अभिनंदन. पण बाबांना शेजाऱ्याकडून परत बोलाव, सत्तर हजार नाहीत.

ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावर तक्ता असेल तो बघ. समजा व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) १० टक्के आहे, म्हणजे ८४ हजार वर्षाअखेरी, मिळाले तर. बेसिक (मूळ पगार) निम्मं धरलं तर ४ लाख २० हजार. त्यावर १२ टक्के पीएफचा कंपनीचा वाटा ५०,४०० आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी २०,२०२, हे दोन्ही सीटीसीतच मोजतात. ग्रॅच्युइटी साधारण पाच वर्षं टिकलास तर हातात येणार. उरले ६,८५,३९८. त्यातून तुझा पीएफचा वाटा पुन्हा ५०,४०० आणि व्यवसाय कर वर्षाला २,५००. राहिले ६,३२,४९८, महिन्याला जेमतेम ५२,७००. आयकर नव्या पद्धतीत या पगाराला शून्य. काही कंपन्या पीएफ किमान, म्हणजे महिन्याला १,८०० रुपयेच कापतात, मग हातात जास्त येतात, भविष्याला कमी.

विम्याचा हप्ता वेगळा दाखवलाय का, बाबा-आई त्या पॉलिसीत येतात का, आणि आधीच्या आजाराला प्रतीक्षा काळ किती, हे तिन्ही मेलवर लेखी विचार. बायपास झालेलं माणूस घरात आहे, तुझ्यासाठी हे पगाराच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं. नोटीस पिरियड ९० दिवस असेल तर तोही बघ. बाँड असेल तर सही करायच्या आधी इथं टाक.


डवरणीवाला
शनिवार, सकाळी ७:१०

तक्ता काढला. व्हेरिएबल ८ टक्के आहे, बाकी तुमचंच गणित. बाँड नाही. विम्यात आई-बाबा घेता येतात, हप्ता माझ्या पगारातून. प्रतीक्षा काळ विचारलाय. बाबांना सांगितलं, ते म्हणाले असू दे, शेजाऱ्याले सत्तरच राहू दे.


हिंगणघाटची_लेक
शनिवार, सकाळी ८:००

हाहा. अभिनंदन रे. आता बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन येईल. जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन पगाराच्या पावत्या, पीएफचा यूएएन क्रमांक. पीएफच्या नोंदीत तारखा दिसतात, त्यामुळं गॅप एक दिवसानंही इकडंतिकडं सांगू नकोस. आणि दहावीची मूळ मार्कशीट आत्तापासून शोध. ती कधीच जागेवर नसते.


डवरणीवाला
शनिवार, दुपारी १२:४०

सापडली. आजीच्या पेटीत, नऊवारीच्या घडीत. उंदरानं एक कोपरा खाल्लाय, गुण आणि बैठक क्रमांक दिसतो. चालते का?


हिंगणघाटची_लेक
शनिवार, दुपारी १२:५५

चालते. माझ्या मार्कशीटवर चहाचा डाग होता. स्कॅन करताना मागं पांढरा कागद ठेव.